दिसत्या कडा

हनुमंतने बोटाच्या टोकाने ढकललं तसा काउंटरवरचा पांढरा स्टँड फिरू लागला. बुटका, तीन मजली. प्रत्येक मजल्याला चारही बाजूंनी चपटे खण, आणि एकेका खणात मावेल एकेक शाईचं पॅड. एक बाजू सरळ समोर आली, आतून ‘टक्’ असा आवाज झाला आणि स्टँड थांबला. त्याने पुन्हा ढकललं. पुन्हा टक्.

“हाच घिऊ,” तो म्हणाला.

“दुसरा बघा की आधी.” दिपाली दुकानातल्या स्टुलावर बसली होती. तिला सातवा महिना होता. श्रीगोंद्याहून नगरपर्यंतच्या एसटीच्या प्रवासाने तिच्या पायांवर सूज आली होती. तिने चपला काढून पाय गार फरशीवर टेकवले होते.

दुकानदार अमृतशेठने दुसरा स्टँड पुढे सरकवला. हा लाकडी होता. याचे खण उथळ होते. पॅड ठेवलं की त्याची बोटभर कड बाहेर राही. हा टक्कन थांबत नव्हता, हात लावाल तसा फिरत राही.

“चालतात दोन्ही,” अमृतशेठ म्हणाले. “पांढरा दिसायला नीटनेटका. पॅड पूर्ण आत जातं, धूळ बसत नाही. लाकडी दणकट.”

“पांढराच बरा,” हनुमंत म्हणाला. दिपालीने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो पांढऱ्या स्टँडच्या खणात बोट घालून कुठे काय बसेल ते मोजू लागला.

हनुमंतला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. त्यांच्या पोटातले सगळे रंग, विटकरी, शेवाळी, तपकिरी, पोपटी, त्याला कमीअधिक एकाच घरातले वाटत. हे त्याला स्वतःलाही उशिरा कळलं. कारखान्याच्या रस्त्यावर पहाटे धावून धावून त्याने भरतीची तयारी केली, मैदान मारलं, छाती भरली, आणि वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्या-ठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक पुढे धरलं. आकडा सांग म्हणाले. त्याला नुसते ठिपकेच दिसले. गावात परतला तेव्हा पारावरच्या पोरांनी टोमॅटो हातात देऊन विचारलं होतं, “फौजी, पिकलाय का कच्चा?” ती पोरं पुढे आपापल्या कामाला लागली, विसरूनही गेली. हनुमंत विसरला नाही. त्यानंतर त्याने ही गोष्ट एका दिपालीखेरीज कुणाला सांगितली नाही.

तहसील कचेरीसमोर रबरी शिक्के करून देणाऱ्या एका दुकानात तो कामाला लागला. हात स्थिर, नजर बारीक. रबराच्या तुकड्यावर तो केसाएवढी रेघ कोरू शके. लग्नानंतर एक दिवस दिपालीने उरलेल्या रबरावर त्याच्याकडून मोगऱ्याची कळी कोरून घेतली आणि मावसबहिणीच्या बारशाच्या पत्रिकांवर ती छापली. त्या पत्रिका हातोहात फिरल्या. तिथून दोघांचं काम सुरू झालं. तो कोरायचा आणि छापायचा. ती रंग ठरवायची आणि पॅड काढून त्याच्या हातात द्यायची.

पॅड खाटेखालच्या लाकडी पेटीत रांगेने ठेवलेली असत. तिच्या गैरहजेरीत तो रांगेवरून ओळखायचा. पॅडच्या झाकणावर नाव नसे, नुसती रंगाची पट्टी असे. एकदा पेटी झाडताना दोन पॅडांची अदलाबदल झाली आणि एका बारशाच्या पत्रिकेवर तपकिरी पोपट बसले. “शाईच खराब आली हो,” असं गिऱ्हाइकाला सांगून दिपालीने वेळ मारून नेली आणि सगळं पुन्हा छापून दिलं. नावं लिहू या का, असं तिने तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला होता, घरी माणसं येतात, बघतात. पत्रिका छापणाऱ्याला रंगाचं नाव वाचायला लागतं म्हटल्यावर कोण काम देईल?

आता तिला वाकता येत नव्हतं, म्हणून पेटी टेबलावर आणायची होती, तर टेबलावर तेवढी जागा नव्हती. आणि येत्या रविवारी ती बाळंतपणाला माहेरी, पुणतांब्याला, जाणार होती. तिकडे ती गेली की इथे तो एकटा. म्हणून फिरता स्टँड.

“दुसरा मजला, तिसरा खण, हिरवा,” हनुमंत तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला. “टक् वाजलं की कळतं कुठं हाय ते. पाठ करतो मी. कुणाला दिसायचं न्हाई.”

“आन् एखादं पॅड चुकून दुसऱ्या खणात गेलं तर?”

“न्हाई जायचं.”

“पोपट आठवतो का?”

त्याने आजूबाजूला पाहिलं. शेजारी कॉलेजच्या दोन मुली चकाकता कागद उलटून बघत होत्या. अमृतशेठ दोन्ही स्टँडांच्या मध्ये हात ठेवून थांबले होते.

“दादा, अडचण काय ते सांगा तरी. त्याप्रमाणे दाखवतो.”

“अडचण काय न्हाई,” हनुमंत म्हणाला.

दिपालीने पायांनी चपला जवळ ओढल्या. एक पाय चपलेत गेला. दुसरा जाईना. ती वाकायला गेली आणि मध्येच थांबली, कारण वाकणं जमत नव्हतं. हनुमंत खाली बसला. त्याने तिच्या सुजलेल्या पायात चप्पल सरकवली, अंगठा नीट बसवला. तिथून त्याने वर पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पाठ भिंतीला टेकवून तिने डोळे मिटले होते. ती चार-पाच महिने नसणार होती. परत येईल तेव्हा तिच्या मांडीवर मूल असणार होतं. तेव्हाही एका हाताने पॅड काढून द्यायला तिला हाका मारायच्या का?

तो उठला आणि काउंटरपाशी आला.

“मला लाल-हिरवं कळत न्हाई,” तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. मुलींपैकी एकीने मान वर केली. “जन्मापासून. पत्रिका छापायचं काम हाय माझं. पॅडच्या कडेवर रंगाचं नाव लिहावं लागंल, आन् ते बाहेरून दिसलं पायजे. हा लाकडी द्या.”

अमृतशेठने मान हलवली. चपलेचा नंबर ऐकावा तसं त्यांनी ते ऐकलं.

“मग पांढरी चिकटपट्टी लागेल,” ते म्हणाले आणि काउंटरखाली वाकून शोधू लागले. “आणि मार्कर न पुसणारा घ्या. शाईचे हात लागतात.”

मुलींनी कागद निवडला आणि पैसे देऊन त्या निघून गेल्या. दुकानात दुसरं काहीच घडलं नाही. हनुमंतला त्याचंच नवल वाटत राहिलं. एसटीत खोकं मांडीवर घेऊन तो बसला होता आणि मध्येच हसला.

“काय झालं?” दिपालीने विचारलं.

“काय न्हाई. झोप तू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपाली खाटेवर उशीला टेकून बसली आणि एकेक पॅड उचलून नाव सांगू लागली. तो पट्टीवर लिहून ती कडेला चिकटवत होता.

“शेवाळी.”

“म्हंजी कसा?”

“हिरीच्या पायरीवर असतो तसा.”

त्याने ‘शेवाळी’ लिहिलं. अक्षर त्याने शिक्क्यावर कोरायचा तसं काढलं, ठसठशीत, रेघ ओढून.

“विटकरी. आता ह्यो आन् शेवाळी तुमाला एकच वाटत असंल.”

“जुळे भाऊ,” तो म्हणाला, आणि दोघंही हसले.

सगळी पॅड लाकडी स्टँडमध्ये बसली तेव्हा त्याने तो एकदा पूर्ण फिरवला. नावं समोरून सरकत गेली. केशरी, पोपटी, लाल, राणी, विटकरी. इतकी वर्षं हे सगळे त्याच्या आसपास होते आणि आज पहिल्यांदा त्याची त्यांच्याशी ओळख झाली होती.

रविवारी तो तिला पुणतांब्याला सोडून आला. घरात शिरला तर टेबलावर कोरायचं रबर वाट बघत होतं. काम यशोधराबाईंचं होतं. यशोधरा साळवे, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका, शिस्तीच्या म्हणून गावभर प्रसिद्ध. मुलीच्या मंगल परिणयाची पत्रिका त्यांना हाताने छापलेलीच हवी होती. वर पिंपळाचं पान, हिरवं, आणि भोवती निळी चौकट. गुरुवारी त्या नमुना बघायला येणार होत्या. पसंत पडला तर पुढचं काम.

निळ्याची त्याला काळजी नव्हती. निळा त्याला तुमच्याआमच्यासारखाच दिसे. पानासाठी तो बुद्धविहारामागच्या पिंपळाकडे गेला. चैत्र लागला होता, झाड नव्या पानांनी भरून गेलं होतं. त्याने शेंड्याकडची दोन-तीन कोवळी पानं तोडून आणली, टेबलावर ठेवली आणि शिरा बघून शिक्का कोरला. मग स्टँड फिरवून ‘हिरवा’ काढला आणि कोऱ्या कागदावर पान छापलं.

ते त्याला आवडलं नाही. रंग कोणता ते त्याला कळत नव्हतं, पण कागदावरचं पान जड होतं आणि टेबलावरचं हलकं. उजेड आत शिरून बाहेर यावा तसं ते खरं पान होतं. फिकं-गडद त्याला नेहमीच नीट दिसे, इतरांपेक्षा जास्तच. त्याने पोपटी लावून पाहिला. तो नुसताच फिका पडला. मग त्याने नावं न बघता एकेक पॅड झाकण काढून खऱ्या पानाशेजारी धरलं. एक जुळलं. त्याच्यापेक्षा गडद दुसरं एक शिरांना जुळलं. आधी फिकं, त्यावर शिरांपुरता वेगळा शिक्का कोरून त्याचा गडद छाप. दुपारभर कागद वाया घालवल्यावर एक पान असं उमटलं की त्याने नकळत ते उचलायला चिमूट पुढे केली.

मग त्याने पॅडच्या कडा वाचल्या. केशरी. विटकरी.

त्याने दोन्ही नावं पुन्हा वाचली. पान हिरवं असतं. शाळेत शिकवतात, यशोधराबाईंनी सांगितलं होतं, सगळ्या जगाला माहीत होतं. त्याने दिपालीला फोन करायला मोबाईल हातात घेतला. खऱ्या पानाकडे पाहिलं, छापलेल्याकडे पाहिलं. मोबाईल खाली ठेवला. मग हिरव्यातला एक नमुना नीट करून ठेवला आणि दुसरा या पानाचा.

गुरुवारी शाळा सुटल्यावर यशोधराबाई आल्या. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांची नजर स्टँडवर गेली.

“ही नावं कशाला लिहिलीत हो सगळ्यांवर? रंग तर दिसतोच आहे.”

“मला दिसत न्हाई, मॅडम,” हनुमंत म्हणाला. “लाल-हिरवं मला सारखंच दिसतं. म्हणून लिहिलीत.”

बाईंनी स्टँडवरची दोन-तीन नावं वाचली.

“आणि इतके दिवस?”

“दिपाली सांगायची. आता ती माहेरी हाय.”

“म्हणजे माझं काम तुम्ही एकट्याने केलंत.”

“व्हय.”

बाईंनी पर्स मांडीवर घेतली. त्या उठतील असं त्याला वाटलं. त्याने मान खाली घातली नाही. दोन्ही नमुने त्यांच्यासमोर ठेवले.

“हा तुमी सांगितलेला. हिरवा. आन् हा मी विहारामागच्या पिंपळाची पानं आणून, समोर ठिऊन केला. ह्यात केशरी आन् विटकरी हाय. चुकीचं असंल तर सांगा. हिरवा तयारच हाय.”

बाईंनी हिरवा नमुना पाहिला, चांगला आहे म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. दुसरा उचलला. तो हातात घेऊन त्या दाराशी गेल्या, उजेडात. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग लांब. रस्त्यावरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली तरी त्यांनी मान वर केली नाही.

“चैत्रातली पालवी,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग वळल्या. “अहो, नवं पान हिरवं नसतंच. तांबूस असतं. मी रोज त्या झाडाखालून शाळेत जाते.” त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, शाई वाळली आहे हे विसरून, हलक्या हाताने. “रोज जाते आणि तुम्हाला हिरवं करा म्हणून सांगून गेले.”

हनुमंतने खुर्ची पुढे केली.

बाई बसल्या. पर्स त्यांनी जमिनीवर ठेवली, बराच वेळ बसायचं असावं तशी. हातातला नमुना टेबलावर मधोमध मांडला.

“आतल्या पानावर मुलाचं-मुलीचं नाव येईल, खाली सगळ्यांची नावं, पाकीट वेगळं,” त्या म्हणाल्या. “मी घरून सगळे रंग लिहून आणले होते. ते राहू द्या. तुम्हीच ठरवा.”

“मी?”

“मग कोण?”

हनुमंतने हात पँटला पुसले. स्टँड जवळ ओढला, कोरा कागद घेतला आणि टेबलाच्या पलीकडे बाईंसमोर बसला.

“मुलगी कशी हाय, मॅडम,” त्याने विचारलं, “शांत, का बडबडी?”