उजव्या बुटात डावा पाय

या मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. आज एक गोष्ट सांगतो. गोष्ट माझीच आहे, पण सांगताना माझाच गोंधळ उडतो, म्हणून चित्त देऊन ऐका आणि कुठे अडलो तर सांभाळून घ्या.

मी एक जुना पळण्याचा बूट आहे. उजवा. डावा माझा जुळा भाऊ. त्याला बोलायचा कंटाळा, म्हणून आमच्या घराण्याचं तोंड मी. एका मोठ्या कारखान्यात आमचं कापड कापलं, तळवे चिकटवले, गरम साच्यात दाबलं आणि नाड्या ओवून दोघांना एका खोक्यात निजवलं. तेव्हापासून माझी एकच श्रद्धा होती. देवाने माशाला पाणी दिलं, पाखराला आभाळ दिलं आणि मला जमीन दिली. ज्याने त्याने आपल्या जागी सेवा करावी. यात न समजण्यासारखं काय आहे?

ताईने दुकानात आम्हाला पायात घातलं, दोन उड्या मारल्या आणि दुसरा जोड मागितलाच नाही. ताई लांब पल्ल्याची धावपटू. रोजच्या सरावाला तिचे दुसरे बूट होते. आम्ही फक्त शर्यतीचे, म्हणजे घरातले मानकरीच. शर्यतीच्या सकाळी ती आमच्या नाड्या स्वतः बांधायची आणि क्षणभर डोळे मिटायची. मीही माझ्या परीने देवाचं नाव घ्यायचो. मग आम्ही सुटायचो. ती जिंकून आली की तिचा थोरला भाऊ, आमचा दादा, ओल्या फडक्याने आमचा चिखल पुसायचा. दादा विजेची कामं करतो. "हिच्यापेक्षा तुम्ही बरे, उलट बोलत नाही," असं तो आम्हाला म्हणायचा.

एका शर्यतीत अर्ध्या वाटेवरच ताईची टाच दुखू लागली. मला आतून कळत होतं. पण थांबणं तिला ठाऊकच नव्हतं. तिने तशीच शर्यत पुरी केली आणि नंतर कितीतरी महिने तिला जिना उतरता येईना. डॉक्टरीणबाईंनी पळणं कमी करायला सांगितलं. पोहा, सायकल चालवा, म्हणाल्या. आम्ही पलंगाखाली गेलो. सोबतीला धूळ, एक हरवलेलं बटण आणि एक कोळी. मला वाटलं, झाली आपली सेवा.

मग एके दिवशी ताईचा हात आत आला. तिने आम्हाला झटकलं, आमच्या नाड्या उपसून काढल्या आणि तिथे रबरासारख्या ताणणाऱ्या दोऱ्या ओवल्या. आता गाठ मारायची नाही, नुसता पाय सारायचा. मी चक्रावलो. घरातल्या बोलण्यावरून हळूहळू कळलं की ताई आता एका वेगळ्याच शर्यतीत उतरणार होती. आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच पळायचं. पण का? पळणारी बाई पाण्यात कशाला जाईल?

दादाही माझ्याच पंथातला निघाला.

"तोंड धुताना डोळे गच्च मिटतेस तू," तो म्हणाला. "तलावात काय करणार आहेस?"

"बुडले तर तू काढ."

"मला कुठे पोहता येतं?"

पोहायच्या तलावावर ताईला बदकमावशी भेटल्या. इस्पितळात नर्स, वय पन्नाशीच्या पुढे. चालताना डुलत असत, म्हणून हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. ताईचे पळणारे पाय पाण्यात दगडासारखे खाली जात. मावशींनी तिला पाण्यात श्वास सोडायला शिकवलं. मावशी स्वतः ही शर्यत बरीच वर्षं करत होत्या, पण पुरी कधीच झाली नव्हती. पळण्याच्या वाटेवर जिथून मागे वळायचं, तिथे ठरलेल्या वेळी दोर आडवा लावतात. मागे राहील त्याला तिथेच थांबवतात. मावशी दर वर्षी त्या दोरापाशी थांबत.

ताईच्याही दोन शर्यती अर्ध्यावर सुटल्या. तेव्हा दादा म्हणाला, "आता एकच. वेळेत पुरी झाली तर मी तोंड उघडणार नाही. नाही झाली तर हे खूळ सोडायचं. तुला पुन्हा जिन्यात बसून रडताना मला बघवणार नाही." ताईने मान हलवली.

त्या सकाळी सायकली ओळीने दांड्यांना टांगलेल्या होत्या. आमच्या सायकलीखाली ताईने टॉवेल पसरून आम्हाला मांडलं, मी उजवीकडे, भाऊ डावीकडे. मग ती पाण्यात गेली. निथळत परत आली, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि आमच्याकडे न बघता सायकल घेऊन पळाली; सायकलचे बूट वेगळे, पेडललाच अडकवलेले. मी बघतच राहिलो. तेवढ्यात शेजारच्याने घाईत आपली सायकल ओढली. तिचं चाक आम्हाला लागलं आणि मी डावीकडे पडलो, भाऊ उजवीकडे.

ताई आली, सायकल टांगली, पाय सारले. मित्रांनो, माझ्यात डावा पाय आला. करंगळीच्या खोलीत अंगठा शिरला. क्षणभर मला वाटलं, या शर्यतीत सगळंच उलट असतं, हाही नियमच असेल.

सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत, बधिर होतात. ताईला काही जाणवलंच नाही. पण थोडं पळाल्यावर तिची ती दुखरी टाच घासू लागली. पाऊल कचरलं. तिने खाली पाहिलं आणि तशीच पुढे निघाली.

पुढे मावशी डुलत पळत होत्या. पाण्यात त्यांनी बरीच आघाडी घेतली होती. ताई शेजारी येताच त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"अगं, बूट उलटे घातलेस."

"थांबले तर दोर लागेल, मावशी."

"आणि टाच गेली तर? मग सगळंच सुटेल."

ताई थांबली. मी तिला शर्यतीत थांबताना प्रथमच पाहिलं. एका पायावर उभी राहायला गेली तर ती कोलमडली. बसली असती तर पोटऱ्यांत गोळे आले असते. तेव्हा मावशीही थांबल्या आणि त्यांनी खांदा पुढे केला. ताई त्याला धरून उभी राहिली. आमच्या दोऱ्या भिजून घट्ट झाल्या होत्या, निघता निघेनात. शेवटी उजवा उजव्यात गेला, डावा डाव्यात. मावशींनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि ताई सुटली.

आम्ही वळणावरून आत गेलो. लगेच मागे शिट्टी वाजली. दोर लागला होता. मावशी त्याच्या पलीकडे राहिल्या.

ताईने शर्यत वेळेत पुरी केली. दादाने शब्द पाळला आणि तो तिच्या पायांवर पाणी ओतत राहिला. मग ती आम्हाला हातात घेऊन अनवाणीच मावशींकडे गेली. त्या कट्ट्यावर बसल्या होत्या.

"माझ्यामुळे राहिलात," ताई म्हणाली.

"तुझ्यामुळे कसली? मला दम लागला होता. टेकायला कुणीतरी हवंच होतं."

मित्रांनो, वाटेत बूट बदलताना मी पायातून निघालेलो होतो, मावशींच्या अगदी समोर. त्यांना दम लागलेला मला दिसला नव्हता. पण मी पडलो बूट, छातीतलं मला काय कळणार? कोण कुणाला टेकलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. देवाने कुणाला कोणती जागा दिली, हे मी पूर्वी छातीठोकपणे सांगत असे. आता नाही सांगत.

एवढंच मागणं आहे. आम्हाला ओलं कोंडून ठेवू नका, आणि पायात घालण्याआधी क्षणभर आमच्याकडे बघा. आणि कधी वेळेत पोचलात, तुमच्यासाठी टाळ्या वाजल्या, तर दोरापलीकडे राहिलेल्या आमच्या बदकमावशींची आठवण काढा.