दोन बोटं क्रीम

दुपारी चारपर्यंत मी तेच वाक्य एकतीस वेळा म्हणाले होते. "तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर भरून क्रीम घ्यायचं, चेहरा-मान मिळून एवढं लागतंच, आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं." एकतीस हा आकडा माझा नाही, रिसेप्शनवरच्या बाईंचा. दार उघडं राहिलं की त्यांना आतलं सगळं ऐकू जातं आणि त्या खोडसाळपणे मोजत बसतात.

त्वचेच्या डॉक्टरचं काम लोकांना वाटतं तसं नाजूकबिजूक काही नाही. दिवसभर कानीकपाळी ओरडायचं. ढगाळ हवेतही लावा. कान विसरू नका. टोपी घाला. चेहऱ्यावर लिंबू चोळू नका, टूथपेस्ट तर नाहीच नाही. माणसं माना डोलावतात, जातात आणि महिन्याने तेच करपलेले गाल घेऊन परत येतात. "लावतो की डॉक्टर, वाटाण्याएवढं." बावीस वर्षं झाली, जीभ झिजली. हल्ली मी मान वरही करत नाही. माणूस आत येतो, मी केसपेपर ओढते, लिहितालिहिता विचारते आणि मध्येच कधीतरी बघते. कौतुकाने सांगत नाहीये, आहे ते सांगतेय.

त्रेचाळीस नंबर आत आला तेव्हाही माझं डोकं कागदातच होतं.

"उन्हात काम असतं?"

"गाडीत असतो. दिवसभर."

"क्रीम लावता?"

"रोज सकाळी. एक दिवस चुकवला नाही."

असं उत्तर वर्षातून एखाद्या वेळी मिळतं. मी खूश होऊन वर बघितलं, तर स्टुलावर दादा. माझा सख्खा मोठा भाऊ, हातात नंबरचं कार्ड धरून बसलेला.

"अरे, नंबर काय लावतोस? सरळ आत यायचंस ना!"

"दोन तास बसलोय बाहेर," तो म्हणाला. "घरी तुला वेळ नसतो. म्हटलं, नंबर लावला की बघावंच लागेल तिला."

तो हसत बोलला. दादा सगळं हसतच बोलतो. गाडी शिकवणाऱ्या माणसाला दुसरा इलाज नसतो, नाहीतर रोज कुणाला तरी कानाखाली द्यावी लागेल. अठ्ठावीस वर्षं तो शिकाऊ माणसाच्या डाव्या हाताला बसतोय, पाय जादाच्या ब्रेकवर, कोपर खिडकीबाहेर. काच कायम खाली, कारण नवशिक्याला घाम फुटला की गाडीत बसवत नाही. त्यामुळे दादाचा डावा गाल उजव्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. त्यावरून आम्ही घरी त्याची टिंगल करायचो. त्वचेची डॉक्टर मी, आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसायचे.

त्याने तोच गाल माझ्याकडे केला. "हे बघ. भरतच नाही."

डोळ्याखाली, पापणीच्या अगदी जवळ, वाटाण्याएवढी जखम. मध्ये खपली, भोवती वर उचललेली चकचकीत कड, आणि त्या कडेवर बारीक लाल शिरा. मी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं. खरं तर भिंगाची गरज नव्हती. अशी कड शिकाऊ डॉक्टरही दारातून ओळखतात. मी भिंग खाली ठेवलं.

"कधीपासून आहे हे?"

"तुला दाखवलं होतं की. आईकडे जेवायला जमलो होतो ना सगळे? आठ महिने झाले."

मला आठवलं. मी स्वयंपाकघरात फोनवर बोलत होते, दमलेली, वैतागलेली. दादा दारात येऊन म्हणाला होता, "जरा हे बघतेस का?" मी वळलेसुद्धा नाही. कंपन्यांची माणसं देऊन जातात त्या नमुन्याच्या ट्यूब माझ्या पर्समध्ये पडलेल्या असतात. त्यातली एक काढून मागे धरली आणि म्हणाले, "ही लाव. रोज सकाळी, दोन बोटं." घरातल्या सगळ्यांना मी अशीच तपासते.

"तेच औषध लावतोय," दादा सांगत होता. "संपलं की दुकानातून तेच आणतो. आता एवढ्याशा जखमेला दोन बोटं जरा जास्तच होतं, पण मी आपलं थापून ठेवतो. टॉवेलला अधूनमधून रक्त लागतं. म्हटलं, लागत असेल वेळ. चालू ठेवू ना?"

सकाळपासून अनोळखी माणसांना मी त्या क्रीमची जन्मकुंडली सांगत होते. ते कशासाठी असतं, हे माझ्या भावाला मी कधी सांगितलंच नव्हतं.

"दादा, ते औषध नव्हतं. उन्हापासून वाचायला लावतात ते क्रीम. जखम त्याने बरी होत नाही."

त्याने गालाला बोट लावलं. "मग हे काय आहे?"

असल्या वेळची माझी वाक्यं ठरलेली आहेत. त्यातलं एकही तोंडात येईना.

"कॅन्सर असावा. त्वचेचा. तुकडा तपासल्यावर नक्की कळेल, पण मला फारशी शंका नाही. हा सहसा अंगात पसरत नाही, जिवाला धोका नसतो. पण जागच्या जागी खोल जात राहतो. काढावा लागेल."

"मग काढ."

"मला नाही जमणार. डोळ्याच्या सर्जनचं काम आहे. खालची पापणी किती वाचते ते बघावं लागेल."

"आणि आठ महिन्यांपूर्वी असतं तर?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. मी सगळ्यांना म्हणते, आता त्याचा विचार करू नका.

"तर मी इथेच काढलं असतं. चार टाके पडले असते. तेव्हा ते पापणीपर्यंत आलं नसणार."

बाहेर बाईंनी चव्वेचाळीस नंबर पुकारला. दार किलकिलं झालं. "थांबा जरा!" मी अशी खेकसले की दार पटकन लागलं.

"गाडी शिकवता येईल ना?" दादाने विचारलं.

"डोळा राहील. पापणी नीट मिटेल की नाही, ते आत्ता नाही सांगता येत." मग मी म्हणाले, "चूक माझी आहे, दादा."

लहानपणी मी काही फोडलं की तो पुढे होऊन आईला सांगायचा, माझ्या हातून फुटलं. आताही तो काहीतरी बोलून मला सोडवेल याची मी वाट बघत होते. या वयातही.

"हो," तो म्हणाला. "तुझीच आहे."

मी सर्जनला फोन लावला, उद्या सकाळची वेळ घेतली. दादा उठला, शर्ट सारखा केला आणि दारापाशी थांबला.

"आईला तू सांग," तो म्हणाला. "आठ महिने रोज पाठीस लागली होती, कुणाला तरी दाखव म्हणून. मी तिला सांगत होतो, दाखवलंय. तुझ्या लेकीने बघितलंय नीट."