चौदाव्या स्टेशनची पहिली चार मिनिटं

पेडण्याच्या हर्षाला लग्नाकार्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "म्हणजे तू बोटीवर नेमकं करतंस काय गो?" ती सांगायची, "समुद्राचा ताप बघते आणि मीठ चाखते." लोक हसायचे आणि विषय तिथंच मिटायचा. खोटं काहीच नव्हतं त्यात. संशोधन जहाजावर ती नऊ वर्षं उपकरणांचं काम करत होती. ठरलेल्या जागी जहाज थांबायचं. त्या जागेला स्टेशन म्हणायचं. मग माणसाच्या उंचीचा एक जड पिंजरा तारेवरून पाण्यात सोडायचा. पिंजऱ्यातली यंत्रं पाण्याचं तापमान, खारटपणा आणि खोली सेकंदाला चोवीस वेळा मोजून वर पाठवायची, आणि हर्षा आतल्या खिडकी नसलेल्या खोलीत पडद्यावर उमटणाऱ्या रेषा बघत बसायची.

यातली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे खारटपणा मोजणारी बोटभर काचेची नळी. ती सुकली की बिघडते. म्हणून काम झालं की तिच्या दोन्ही तोंडांना शुद्ध पाण्याने भरलेली रबरी नळी जोडून ठेवायची. जहाजावर त्या रबरी नळीला सगळे टोपी म्हणायचे. पिंजरा उचलण्याआधी टोपी काढायची आणि कामांच्या यादीत तशी खूण करायची, हे काम हर्षाचं. टोपी राहिली तर यंत्र बापडं भर समुद्रात बुडूनही आपल्याच टोपीतलं गोडं पाणी मोजत बसतं.

डेकवर पिंजरा दोरीने सावरून धरायला संतोष असायचा. बेळगाव जिल्ह्यातला, डिचोलीला बांधकामावर म्हणून आलेला आणि ठेकेदारामार्फत जहाजावर लागलेला. त्याची एक खोड होती. दर वेळी पिंजरा उचलण्याआधी तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन विचारायचा, "मॅडम, टोपी काढलासा न्हवं?" पहिल्यांदा हर्षाच्या कपाळावर आठी चढली होती. हा कोण मला शिकवणार? पण एकदा ती खरंच विसरली होती आणि याच्या विचारण्यामुळे अब्रू वाचली होती. तेव्हापासून ती निमूट उत्तर द्यायला लागली.

तार सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्रावर, म्हणजे विंचवर, शिवदास. मये गावचे. अर्धं आयुष्य खाणीवर मशीन चालवलेलं. खाणी बंद पडल्यावर तेच हात इथे तार सोडायला कामी आले. हर्षा त्यांना मामा म्हणायची. रक्ताचं नातं नव्हतं, पण नऊ वर्षं एकाच जहाजावर उलट्या काढल्या की नातं आपोआप होतं.

त्या ऑक्टोबरात अकरा दिवसांत तेरा स्टेशनं झाली होती. चौदावं शेवटचं, मोरजीच्या समोर, किनारा डोळ्यांना दिसेल इतकं जवळ. दुपारचे तीन वाजले होते. भरती साधून बंदरात शिरायचं होतं, म्हणून मुख्य शास्त्रज्ञ देवेश सर दोनदा येऊन सांगून गेले की अर्ध्या तासात उरका. त्यात अकरा दिवसांनी मोबाइलला रेंज आलेली. रेंज आली की जहाजावरच्या मोठमोठ्या बाप्यांची पोरं होतात. जो तो कोपरा धरून फोन कानाला लावतो. हर्षाच्या फोनवर तिच्या सहा वर्षांच्या सेजलचे सतरा निरोप येऊन पडले होते. दात पडला, मांजर व्याली, आई तू कधी येतेस. हर्षाने फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने यादीवर वरपासून खालपर्यंत एका दमात खुणा करून टाकल्या. टोपी काय, जाता जाता काढू. हा एवढा निरोप ऐकून होऊ दे.

संतोष दारात आला. "मॅडम, टोपी काढलासा न्हवं?"

"हो, हो," हर्षा म्हणाली. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

पिंजरा पाण्यात गेला. यंत्र स्थिरावेपर्यंत तो पाण्याच्या वरच्याच थरात थांबवून ठेवतात. पडद्यावर तापमान आलं, अठ्ठावीसच्या वर. खोली आली, सहा मीटर. खारटपणा जवळजवळ शून्य. हर्षा बघतच राहिली. खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही, लाज वाटली. कोणाला कळायच्या आत निस्तरावं एवढंच तिच्या मनात आलं. चार मिनिटं तिने यंत्रातल्या पंपाला, तारेला, कशाकशाला दोष देऊन बघितला. शेवटी वॉकीटॉकी उचलला. "मामा, टोपी राहिली. वर घ्या. संतोषला सांगा, पटकन काढ म्हणावं."

ते 'पटकन' तिचंच.

पिंजरा आत डेकवर घ्यायचा म्हणजे दोन माणसं, दोन दोऱ्या आणि दहा मिनिटं. शिवदासने तो कठड्याबाहेरच लटकता ठेवला. संतोषच्या कमरेचा, कठड्याला अडकवलेला पट्टा तिथवर पोचेना, म्हणून त्याने पट्टा सोडला आणि बाहेर वाकला. टोपी काढली. एक लाट जहाजाच्या पोटाखालून गेली, पिंजरा मागे झुलला आणि परत आला. तीनशे किलोचं धूड. शिवदासने त्याला संतोषपासून दूर करायला तार ढिली सोडली तसा पिंजरा पाण्यात उतरला, पण तोवर संतोषही पाण्यात होता.

आतल्या खोलीत खारटपणाची रेषा तरारून उठली आणि चौतिसावर जाऊन बसली. हर्षाने सुटकेचा श्वास टाकला आणि वॉकीटॉकीत म्हणाली, "आली रे संतोष. थँक्यू हां." उत्तर आलं नाही. तिला त्याचंही काही वाटलं नाही. तिने राहिलेला निरोप कानाला लावला.

लाइफ जॅकेटने त्याला वर आणलं, होडीने डेकवर आणलं. डोक्याची एक बाजू मात्र कोणालाच बघवेना.

चौकशी समितीपुढे आधी शिवदास गेले. बाहेर आल्यावर त्यांनी हर्षाला जिन्याखाली गाठलं. "तू काय एक बोलू नको. मी सांगितलंय, तो मोबाइलवर शूटिंग करूक बाहेर वाकलो."

"मामा, पण तो..."

"घडला ता घडला. तुका सेजल आसा, ल्हान चेडू. माका दोन वर्सां रवली रिटायर जावक. मेलेल्याक काय नोकरी करूची नाय."

हर्षाच्या मनात चीड यायला हवी होती. आली ती सुटका. आत जाऊन तिने सांगितलं की खोलीला खिडकी नाही, मला काही दिसलं नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. समितीलाही बरंच झालं; मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडलं की जिवंतांची झोप मोडत नाही. अहवालात आलं: संतोष कोणीही सांगितलेलं नसताना, मोबाइलवर चित्रण करण्यासाठी, पट्टा सोडून कठड्याबाहेर वाकला. मोबाइल समुद्रात गेला असावा.

आता खरं काय ते सांगणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे चौदाव्या स्टेशनची फाइल. पाण्याखाली चार मिनिटं आणि खारटपणा शून्य. याचा अर्थ या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मग पिंजरा वर आला, हवेत थांबला, आणि परत पाण्यात गेला तेव्हा चौतीस. कोणीतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून हात घालून टोपी काढली होती. पण प्रत्येक फाइलची पहिली काही मिनिटं कापून टाकायची हाच रिवाज. यंत्र स्थिरावायच्या आधीचे आकडे कोणाला हवेत? जगभर कापतात. देवेश सरांनीही दुसऱ्याच आठवड्यात म्हटलं, "हर्षा, चौदा नंबरचं वरचं नेहमीसारखं कापून दे." तिच्या तोंडाकडे न बघता म्हटलं.

तिने कापलं नाही. धीट होती म्हणून नव्हे, भित्री होती म्हणून. अख्खी फाइल सगळी मोजमापं साठवणाऱ्या विदाकेंद्राला पाठवली आणि शेरा लिहिला: सुरुवातीला सेन्सरची टोपी काढायची राहिली होती, चूक माझी. कोणीतरी वाचेल, फोन करेल, मग मी सांगेन. विचारल्यावर सांगणं सोपं असतं. आठ दिवस ती फोनच्या प्रत्येक घंटीला दचकत होती. नवव्या दिवशी मेल आला. केंद्रातल्या संगणकाने सुरुवातीचा भाग आपणहून कापला होता. शेऱ्याचा रकाना कोणी उघडला नव्हता. चौदावं स्टेशन, दर्जा: चांगला.

त्याच आठवड्यात ऑफिसने संतोषची बॅग तिच्या हवाली केली. डिचोलीला त्याच्या बायकोला पोचती करायची. तू तिकडचीच आहेस ना, म्हणाले. पेडणे कुठे आणि डिचोली कुठे, पण ऑफिसवाल्यांना म्हापशाच्या पलीकडचं सगळं एकच गाव वाटतं.

त्याच्या बायकोची, वर्षाची, खोली बाजारामागे होती. तिने हर्षाला आत घेतलं, पाणी दिलं, बॅग उघडली. दोन शर्ट, लुंगी, दाढीचं सामान. ते तिने एकेक करून मांडीवर ठेवलं. मग उठली, फळीवरून एक मोबाइल घेतला आणि हर्षासमोर ठेवला. काचेला कोपऱ्यात तडा होता.

"ह्यो त्यांचा," वर्षा म्हणाली. "माझा बिघडला म्हणून जाताना मला दिऊन गेल्यालं. अकरा दिवस हितंच हुता. मग ते शूटिंग कशानं करालते वो?"

हर्षाने मोबाइल हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"ऑफिसात सांगायला गेलो. साहेब म्हणाले, दुसऱ्याचा घेतला असंल." वर्षाचा आवाज चढला नाही. "गावात सासू कुणाला तोंड दाखवंना. फोनच्या नादात मेला म्हणत्यात. तुम्ही हुतासा तिथं. सांगा की."

मग हर्षाने सांगितलं. टोपी, यादीवरच्या खुणा, सेजलचे निरोप, चार मिनिटं, पटकन. "त्याने मला विचारलं होतं. टोपी काढली का, म्हणून. मी न बघता हो म्हटलं. मोबाइल माझ्या कानाला होता." ती रडायला लागली. वर्षा रडली नाही. हर्षाचं रडणं संपेपर्यंत तिने शर्टाची घडी घातली.

"तुम्ही काढली असतीसा, तर ते जिवंत असते?"

"हो."

वर्षाने मान हलवली. "मला सांगून काय हुतंय? मी तर आधीपासनं मानलंच न्हाई. ज्यांनी लिवलंय त्यांच्याम्होरं सांगा."

"सांगते. सोमवारी."

"सोमवारी न्हाई. आज. मी येतो संगं."

तिने साडी बदलली, दाराला कुलूप लावलं. दोन गाड्या बदलून दोघी ऑफिसात पोचल्या.

देवेश सरांनी दार लावून घेतलं. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "हर्षा, हे नोंदवलं की तुझं काय होईल, कळतंय ना? आणि शिवदासचं?" हर्षा म्हणाली, कळतंय. तिने न कापलेली फाइल पडद्यावर उघडून दिली आणि शून्याच्या रेषेवर बोट ठेवलं. शिवदासला बोलावलं गेलं. त्यांनी रेषेकडे बघितलं, वर्षाकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय. मीच पिंजरा भायेर ठेवलो." हर्षाकडे मात्र त्यांनी त्यानंतर कधीच बघितलं नाही.

समिती परत बसली. महिनाभराने हर्षाची नोकरी गेली, शिवदासची तिच्याआधी चार दिवस. अहवालातला एक परिच्छेद बदलला. तो इंग्रजीत होता. वर्षाने ऑफिसातल्या बाईला मराठीत वाचायला लावलं. संतोष, सांगितलेलं काम करत असताना, मरण पावला. काम पूर्ण झालं होतं. वर्षा म्हणाली, परत वाचा. बाईने परत वाचलं.

हर्षा फाटकाबाहेर तिची वाट बघत उभी होती. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. वर्षा कागद घडी करून पर्समध्ये ठेवत बाहेर आली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वर्षाताई, मला निदान आता..."

"तुमचं हलकं झालं," वर्षा म्हणाली. "माझं न्हाई हुईत."

आणि समोर लागलेल्या गाडीत जाऊन बसली.