सर्व्हर सुरू करणाऱ्या चौदा ओळी

मी एक फाईल आहे. कपाटातली नव्हे, फीत बांधलेलीही नव्हे. अंबडच्या एका कारखान्यात, हत्यारांच्या खोलीशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये एक सर्व्हर आहे, त्याच्या पोटात माझा मुक्काम. अंगावर चौदा ओळी, वजन म्हणाल तर काहीच नाही. पण मी बोलल्याशिवाय तो सर्व्हर कामाला लागत नाही, एवढं मात्र छाती फुगवून सांगते.

हा कारखाना पंपांचे भाग बनवतो. प्रत्येक भागाचं ड्रॉइंग असतं आणि ड्रॉइंग कधी एकच राहत नाही. आज भोक अर्धा मिलिमीटर सरकतं, उद्या कडा गोल होते. कोणी, कधी, काय आणि का बदललं, हे सगळं आमचा सर्व्हर लक्षात ठेवतो. जुनं पुसत नाही, त्याच्यापुढे नवं ठेवतो. माणसांना हे जमत नाही. ती तर गेल्या आठवड्यात आपण काय बोललो तेही नाकारतात.

सर्व्हर सुरू झाला की सगळ्यात आधी मला वाचतो. कुठल्या दारावर बसायचं, एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, कोणी ड्रॉइंग उघडून चहाला गेलं तर किती वेळ वाट पाहायची, हे मी त्याला सांगते. आणि तिसऱ्या ओळीत सांगते ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ड्रॉइंगचं भांडार कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते. एकदा ऐकून घेतलं की स्वारी पुन्हा माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. मधल्या काळात कोणी माझ्यात काही बदललं तरी त्याला पत्ता नसतो. बंद होऊन पुन्हा सुरू होईल तेव्हाच त्याला नवं कळायचं.

आणि तो बंद व्हायचा वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. एरवी वीज गेली तर आधी बॅटरी आणि मग जनरेटर होता.

याला कारण सावळीराममामा. ते इथले फोरमन, मूळचे निफाडकडचे. खंडेनवमीच्या सकाळी लेथ, मिलिंग, ग्राइंडर सगळं थांबवून, धुऊनपुसून पूजा करायची हा त्यांचा नियम. चालू यंत्राला हळदकुंकू वाहायचं नाही. सर्व्हर आला त्या वर्षी हर्षाली त्यांना म्हणाली होती, "मामा, हा बंद करायची गरज नसते."

"राबतो ना ताई तो बी? मग त्यालाबी घटकाभर बसू द्या की."

ती हसली आणि तिनं बटण दाबलं. तेव्हापासून आमच्या सर्व्हरलाही झेंडूची माळ मिळते.

हर्षाली म्हणजे जिनं मला लिहिलं ती. गंगापूर रोडला राहते, स्कूटरवरून येते, आल्या आल्या डबा खिडकीत ठेवते आणि दुपारी तो शोधत बसते. कामात मात्र चोख. कारखान्यातली सगळी ड्रॉइंगं सर्व्हरवर आणायचं तिनंच मनावर घेतलं. त्यात सगळ्यात अवघड होती ती मामांची. सव्वीस वर्षं मामांनी कागदी ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीनं दुरुस्त्या केल्या होत्या. 'इथं वीस मायक्रॉन ढिलं ठेवा.' 'हे भोक शेवटी पाडा, नाहीतर भिंत फुटते.' कागद तेलकट झालेले, कोपरे वाळवीनं खाल्लेले. चार महिने त्यांच्या शेजारी बसून हर्षालीनं एकेक दुरुस्ती भांडारात चढवली, तीही मामांच्या नावानं. मग तिच्या शब्दावर मामांनी ते कागद रद्दीत जाऊ दिले. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही म्हणतात. पण पुढे पुढे उगाच केबिनमध्ये येऊन पडद्यावर आपलं नाव बघून जायचे.

आता माझं दुखणं सांगते. गेल्या एप्रिलमध्ये हर्षाली नवी डिस्क तपासून बघत होती. त्यासाठी तिनं माझी एक नक्कल केली होती आणि एक रिकामं भांडार तयार केलं होतं. पडद्यावर दोन खिडक्या, एकीत मी, दुसरीत माझी नक्कल, दोघी अगदी सारख्या. नकलेत लिहायचं ते तिनं माझ्यातच लिहिलं. माझ्या तिसऱ्या ओळीत खऱ्या भांडाराऐवजी 'चाचणी' नावाचं रिकामं फोल्डर आलं. चाचणी चालेना, तेव्हा तिनं नकलेत पुन्हा तेच लिहिलं, ती चालली, आणि बाई खूश होऊन घरी गेली. माझ्याकडे वळून बघितलंच नाही.

सर्व्हर चालूच होता, जुन्या सांगण्यावर. सहा महिने काहीही बिघडलं नाही. चुकीची ओळ घेऊन मी गप्प पडून होते आणि खंडेनवमीची मला धास्ती वाटत होती. त्या केबिनमध्ये दिवसभर माणसं बोलत असतात, पण मला काही सांगायची सोय नव्हती.

खंडेनवमी आली. मामांनी सर्व्हरला हळदकुंकू लावलं, माळ घातली आणि कलशात विड्याचं पान बुडवून पाणी शिंपडलं. नारळ फुटला. आमच्याकडे पद्धत अशी, की पूजेनंतर एक मुहूर्ताचा भाग कापायचा आणि तोपर्यंत पेढ्याला कोणी हात लावायचा नाही. हर्षालीनं सर्व्हर सुरू केला. त्यानं मला वाचलं. मी नाइलाजानं जे होतं ते सांगितलं आणि त्यानं विश्वास ठेवला.

मुहूर्ताचा भाग कापायचा मान मशीनवरच्या सोमनाथचा. तो ड्रॉइंग उघडायला बसला आणि म्हणाला, "मॅडम, इथं काहीच नाय. यादीच कोरी."

हर्षालीनं स्वतः बघितलं. खरंच कोरी. भांडाराची दर आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर निघायची, पण ती उघडून कोणी कधी बघितली नव्हती.

सोमनाथ सहज बोलून गेला, "मामा, मघाशी पाणी शिंपडलं ना तुम्ही? दोन थेंब आत गेले असतील."

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. मामा हातातलं विड्याचं पान तसंच धरून स्टुलावर बसले.

"माझ्याच हातानं झालं का हे? सव्वीस वर्षांचं?"

सोमनाथ म्हणाला, "ज्याच्या त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये जुनं काय काय असंलच. ते चढवू का?"

"कोणी काहीही चढवू नका," हर्षाली म्हणाली. सर्व्हर सुरू होताना काय करतो याची नोंद तिनं उघडली. नोंदीत तक्रार नव्हती, भांडार उघडलं एवढंच होतं. मग तिनं मला उघडलं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसरीवर तिचं बोट थांबलं.

तिला सगळं आठवलं, हे मला दिसलं. आणि आणखी एक गोष्ट मला कळत होती. त्या केबिनमध्ये मला वाचता येणारी ती एकटीच होती. एक शब्द बदलून सर्व्हर पुन्हा सुरू केला असता आणि 'वाळला वाटतं' म्हटलं असतं, तर सगळ्यांनी मान डोलावली असती. इथं प्रत्येक बदलाला नाव आणि कारण द्यावं लागतं, पण ते ड्रॉइंगच्या बदलाला. मी स्वतः भांडारात नव्हते. माझ्यात कोणी काय केलं याची कुठेच नोंद नव्हती.

मला भीती वाटली, खरंच सांगते.

हर्षाली खुर्ची फिरवून मामांसमोर आली. "मामा, पाण्यानं काही झालेलं नाही. चूक माझी आहे. एप्रिलमध्ये मी भलत्याच फाईलमध्ये लिहून ठेवलं. ते आज लागू झालं, कारण हा आज बंद होऊन सुरू झाला."

"म्हंजे माझ्या दुरुस्त्या?"

"आहेत. जिथल्या तिथं आहेत. मीच याला रिकाम्या खोलीत पाठवलं होतं."

तिनं माझी तिसरी ओळ नीट केली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. या वेळी मी खणखणीत खरं बोलले. यादी आली, लांबलचक. सोमनाथनं एक ड्रॉइंग उघडलं, त्यात 'हे भोक शेवटी पाडा' होतं आणि पुढे नाव, सावळीराम.

मामांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग चिडले. "ताई, जीव गेला होता माझा. आधी बघायचं ना!"

"हो मामा. चुकलंच माझं."

"बरं, ऊठ रं सोमनाथ. मुहूर्त अजून हाय." भाग कापला गेला आणि मामांनी पहिला पेढा हर्षालीच्या हातावर ठेवला. राग होता, तरी ठेवला.

आता माझं बरं चाललंय. मलाही भांडारात जागा मिळाली आहे, ड्रॉइंगच्या रांगेत. माझ्यात काही बदललं, की त्याच दिवशी सर्व्हर बंद करून सुरू करायचा आणि चालतं का ते डोळ्यांनी बघायचं, असं ठरलंय. त्यामुळे हल्ली मला वरचेवर वाचतात आणि मला ते आवडतं. तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी फाईल नक्की असेल. तिच्यात काही लिहिलंत, तर खंडेनवमीची वाट बघू नका. तिचं बोलणं त्याच दिवशी ऐकून घ्या.

दिवाळीनंतर जनरेटर दुरुस्त करायला आलेला एक कारागीर चहा पिता पिता हसून म्हणाला, "तुमच्या मामांनी पाणी ओतून सर्व्हर बंद पाडला म्हणे!" मामांनी त्याला मनगटाला धरून केबिनमध्ये आणलं, चष्मा लावला आणि माझ्या तिसऱ्या ओळीच्या दुरुस्तीची नोंद उघडली. आमच्या भांडारातली नोंद मालकालाही खोडता येत नाही. कारणाच्या रकान्यातलं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, "चूक माझी. पूजेच्या पाण्याचा काहीही संबंध नाही. हर्षाली."