शोभेचं झाड

नकाशात तीन किल्ले होते, सव्वीस खाणी, राक्षसांच्या चौदा टोळ्या, दोन बंदरं, एक ड्रॅगन आणि रस्त्याकडेला रोवलेल्या एकतीस पाट्या. झाडं तेवढी मोजलेली नव्हती. झाडं शोभेची, ती कोण मोजत बसतो?

नकाशा काटेकोरने केला होता. हे त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी तो बिस्किटाचे तुकडे फूटपट्टी लावून वाटायचा, तेव्हा आत्याने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पुढे नकाशांवरही त्याने तेच टाकलं. आता तो वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. औषधांच्या कारखान्यांचे, सोनारांचे, किराणा दुकानांचे काटे तिथे यायचे. काटेकोर त्यांवर प्रमाणित वजनं ठेवायचा, आकडा बरोबर आला तरच शिक्का मारायचा. वजन न ठेवताच शिक्का मारणाऱ्यांना तो सरळ चोर म्हणायचा.

खेळ जुना होता. राज्य सांभाळायचं, आठवड्याआठवड्याला फौज वाढवायची, काळोखात झाकलेला मुलूख पाऊलपाऊल उजेडात आणायचा. कंपनीने तो केला, विकला आणि विसरून गेली. पण जाताजाता तिने खेळासोबत नकाशे बनवायचं साधन देऊन ठेवलं होतं, आणि लोकांना खरं वेड लावलं ते त्या साधनाने. कुणी दलदलीतलं राज्य रचलं, कुणी सात भागांची मोहीम लिहिली, कुणी आपल्या रुसलेल्या मित्राला उंटावरचा सरदार करून टाकलं. सगळं फुकट, एका साइटवर, एकमेकांसाठी. चार वर्षांत काटेकोरने अकरा नकाशे केले होते. प्रत्येक नकाशाच्या पानावर एक चौकोन असायचा : ‘मी हा नकाशा शेवटपर्यंत खेळून पाहिला आहे.’ अकराही ठिकाणी त्याने त्यात बरोबरची खूण केली होती.

आत्या त्यांच्याकडे राहायला आली ती डाव्या पायाला प्लास्टर घेऊन. कारखान्याच्या जिन्यावरून घसरली होती, आणि तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून भावाकडे. तीस वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. कापडाचे थर अंथरायचे, वर कागदी पॅटर्न ठेवायचे आणि मशीनच्या सुरीने सगळे थर एकदम कापत न्यायचे. आता तिथे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन येणार होतं. ते शिकशील का, असं सुपरवायझर बाईंनी तिला विचारलं होतं. आत्याने विचार करून सांगते म्हटलं होतं, कारण तिने जन्मात माउस हातात धरला नव्हता.

“खेळ खेळ,” काटेकोर म्हणाला होता. “आपोआप हात बसेल.”

हात बसला. कंपनीचे दोन नकाशे आत्याने पहिल्याच आठवड्यात जिंकले आणि मग काटेकोरच्या नकाशावर आली.

“कंपनीचे नकाशे म्हणजे सरकारी बगीचा रे,” ती म्हणाली. “सगळं जागच्या जागी आणि कुणाचंच नाही. तुझ्या नकाशात कुणीतरी माझा विचार करत बसलं होतं, असं वाटतं. ही पाटी बघ. ‘पुढे काही नाही, पण आलाच आहात तर तळं बघून जा.’ मी गेले. मेलं, खरंच काही नव्हतं! पण तळं काय सुरेख!”

काटेकोरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साइटवर कुणी चार तारे दिले तरी तो दिवसभर खूश असायचा, पण तळ्याशी जाऊन थांबलेलं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं.

त्या घरात एक शब्द होता : आत्यागिरी. एकोणिसाव्या वर्षी, कामाला नवीन असताना, आत्याने एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. तिच्या दादाने, म्हणजे काटेकोरच्या बाबांनी, त्यावर हा शब्द काढला. तेव्हापासून दूध उतू गेलं की आत्यागिरी, किल्ली आत राहून दार ओढलं गेलं की आत्यागिरी. काटेकोर बोलायला शिकला तो हा शब्द घेऊनच. प्रयोगशाळेतही त्याने तो रुजवला होता; ज्यांनी आत्याला कधी पाहिलं नाही ती माणसंसुद्धा चुकलेल्या नोंदीला आत्यागिरी म्हणत. आत्या स्वतः या शब्दाला सगळ्यांत मोठ्याने हसायची.

मंगळवारी संध्याकाळी चहाचा कप घेऊन तो तिच्या बाजूला येऊन बसला. आत्याचा नायक एका डोंगराभोवती गिरक्या घालत होता.

“हा जांभळा दरवाजा,” आत्या म्हणाली. “याचा परवलीचा शब्द त्या वरच्या तंबूत. तंबू समोर दिसतोय, पण वर जायला वाटच सापडत नाही. चारही बाजूंनी हिंडून झालं. लपवलीयेस ना कुठेतरी, चोरा? सांगू नकोस हं! सांगितलंस तर कुबडी घालीन डोक्यात.”

काटेकोरने बोट दाखवायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. वाट दोन खडकांमधून होती. त्या दोन खडकांमध्ये एक सुरूचं झाड उभं होतं.

चित्रात झाड बारीक दिसायचं, बाजूने सहज निघून जाता येईल असं. पण खेळाच्या हिशेबात झाडाच्या बुंध्याखालचा चौकोन बंद होता, आणि वाट नेमकी त्या एकाच चौकोनाएवढी रुंद होती. झाड कधी लावलं हेही त्याला लख्ख आठवलं. नकाशा पुरा झाला होता, पानावर लावायला चित्र काढायचं होतं, आणि तो कोपरा चित्रात बोडका दिसत होता. म्हणून एक झाड. आणि शेवटपर्यंत खेळून पाहणं? खेळाचे नियम वाकवणारा चीट कोड टाकून त्याने नायकाला पंख दिले होते. नायक डोंगरावरून उडाला, तंबूत उतरला, दरवाजा उघडून ड्रॅगन मारून आला. चहा निवायच्या आत सगळं संपलं, आणि काटेकोरने चौकोनात बरोबरची खूण केली.

तीनशे बारा जणांनी तो नकाशा उतरवून घेतला होता. ‘सुंदर, पण फार अवघड,’ असं त्यांच्यातल्या एकाने लिहिलं होतं. ते वाक्य काटेकोरने कौतुकाने दोघातिघांना वाचून दाखवलं होतं.

“काय रे? तोंड का उतरलं?”

“काही नाही. चहा गरम आहे.”

त्याच संध्याकाळी त्याने झाड काढलं. दोन क्षणांचं काम. नवी फाइल साइटवर चढवली आणि खाली लिहिलं : ‘किरकोळ सुधारणा.’ पण सुरू केलेला डाव जुना नकाशाच पोटात घेऊन चाललेला असतो. नवा नकाशा मिळतो तो नव्याने सुरुवात करणाऱ्याला. आत्याच्या डावात ते झाड होतं आणि राहणार होतं.

“आत्या, पहिल्यापासून सुरू कर ना,” बुधवारी तो म्हणाला. “नवी आवृत्ती टाकलीय. रंग जास्त छान आहेत.”

“रंगांसाठी? अरे, खेळातले एकोणीस आठवडे तग धरून आहे मी! खालून हिरव्या शत्रूची फौज, वरून तो ड्रॅगन, आणि मी डाव टाकून उठू? तेवढा रडीचा डाव नाही हो आपला.”

यावर खरं सांगणं एवढंच उत्तर होतं, आणि ते सोडून बाकी सगळं त्याने शोधून पाहिलं. वाट सांगू नकोस असं तिनेच बजावलं होतं. ही पळवाट त्याला बरी सापडली. तिच्यात तो दोन दिवस राहिला.

गुरुवारी जेवताना बाबांनी विचारलं, “काय गं, उघडला का तुझा दरवाजा?”

“नाही रे दादा.”

“आत्यागिरी!” बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. काटेकोरचेही ओठ सवयीने फाकले.

आत्या हसतहसत म्हणाली, “डोक्यात भुसा भरलाय, दुसरं काय! तीनशे लोकांनी खेळलाय म्हणे हा नकाशा. वाट नाही म्हणून एकानेही ओरड केली नाही. मलाच दिसत नाही म्हणजे बघ. ते मशीन काय कपाळ चालवणार मी? सोमवारी फोन करून सांगते बाईंना, दुसरं कुणीतरी बघा म्हणून.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “पन्नाशीच्या तोंडावर कशाला नसती ब्याद?”

वाक्य काटेकोरच्या जिभेवर तयार होतं : ‘वाट नाहीच आहे, चूक माझी आहे.’ समोर बाबा होते, आई होती, आणि काटेकोर म्हणजे या घरातलं कधीही न चुकणारं माणूस होतं. त्याने पाण्याचा घोट घेतला, त्याबरोबर वाक्यही गिळलं. सोमवारला अजून अवकाश आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी प्रयोगशाळेत एका औषधाच्या दुकानाचा काटा आला. दुसऱ्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा शिक्का होता, आणि काटा बेधडक खोटं बोलत होता. “असं कसं झालं असेल?” साहेबांनी विचारलं.

“वजन ठेवून पाहिलंच नसेल,” काटेकोर म्हणाला आणि त्याचे कान तापले. साहेबांना वाटलं, पोराला चुकांची केवढी चीड!

शनिवारी सकाळी आई-बाबा बाजारात गेले. काटेकोर स्टूल ओढून आत्याजवळ बसला.

“आत्या, त्या तंबूला वाट नाहीये.”

“सांगू नको म्हटलं होतं ना, मेल्या!”

“लपवलेली नाही. मुळातच नाही. मी शेवटी एक झाड लावलं, ते वाटेत आलंय. तू सगळं बरोबर केलंस. हा डाव कुणालाच जिंकता येणार नाही.”

आत्याने माउसवरचा हात काढला. “मग तू खेळून पाहिलास तेव्हा वर कसा गेलास?”

“उडत.”

“म्हणजे?”

“चीट कोड टाकून. नायकाला उडायला लावलं.”

“आणि खेळून पाहिलं म्हणून ती खूण केलीयेस ती?”

“खोटी आहे.”

आत्याने पडद्यावरच्या झाडाकडे पाहिलं. “चूक होते रे,” ती म्हणाली. “मी काय कमी केल्यात? तुला कळलं कधी?”

“मंगळवारी.”

“म्हणजे गुरुवारी जेवायला बसलो होतो तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तू हसलास.”

काटेकोर फरशीकडे बघत होता. फरशीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

“काल दुपारीच बाईंचा फोन आला,” आत्या म्हणाली. “त्यांना नाव कळवायचं होतं. मी सांगून टाकलं, मला नाही जमायचं.”

“परत फोन कर. मी बोलतो त्यांच्याशी.”

“काय बोलशील? आमच्या नकाशात झाड आडवं आलं?” ती हसायला लागली, पण ते हसणं अर्ध्यावरच थांबलं. मग तिने फोन लावला आणि स्वतःच बोलली. बाईंनी ऐकून घेतलं. काज करणाऱ्या मुलीचं नाव कालच गेलं होतं, सोमवारपासून तिचं शिक्षण सुरू होणार होतं. “पुढच्या खेपेला बघू हं,” बाई म्हणाल्या. पुढची खेप म्हणजे पुढचं मशीन, आणि कारखान्यात मशीन यायला तीस वर्षं लागली होती.

दुपारी जेवणावर काटेकोरने सगळ्यांसमोर सांगितलं. झाड, चीट कोड, खूण, मंगळवार आणि सुपरवायझर बाईंचा फोनही. आईने हातातली भाकरी खाली ठेवली. बाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि वातावरण हलकं करायची त्यांची नेहमीची रीत होती ती वापरली.

“अच्छा! म्हणजे या खेपेला आत्यागिरी तू केलीस तर!”

कुणी हसलं नाही.

“बाबा, चूक माझी आहे,” काटेकोर म्हणाला. “त्यातही तिचंच नाव कशाला?”

“अरे, गंमत रे.”

“दादा,” आत्या ताटातून वर न बघता म्हणाली, “दोन डाव्या बाह्या मी एकदा कापल्या. एकदाच. त्यानंतर कापल्या त्या कुणी मोजल्या नाहीत, कारण त्या बरोबर होत्या. आता पुरे झाला तो शब्द.”

बाबांनी मीठ मागितलं. ते त्यांच्या समोरच होतं.

जेवण झाल्यावर काटेकोरने साइट उघडली. ‘किरकोळ सुधारणा’ खोडलं आणि त्या जागी लिहिलं : ‘आधीची आवृत्ती जिंकता येत नव्हती. चूक माझी आहे. मी खेळून पाहिलं नव्हतं.’ आत्या कुबडी टेकत मागे येऊन उभी राहिली आणि तिने ते वाचलं.

“बाकीचे दहा?” तिने विचारलं.

“काय बाकीचे?”

“तेही उडतच तपासलेस ना?”

त्याने दहाही नकाशांची यादी पडद्यावर आणली.

“काढ एकेक. मी या कॉम्प्युटरवर खेळते, तू तुझ्या. पाच-पाच वाटून घेऊ. पंख नाहीत, चोरवाटा नाहीत. आणि मला बाजूने काही सुचवायला आलास, तर कुबडीचं मी उगीच म्हटलं नव्हतं.”

त्याने अकराही पानांवरच्या खुणा काढून टाकल्या. मग त्या दिवसापासून रोज, तो कामावरून आला की दोघं समोरासमोर बसत. डाव अडला की अडलेली जागा दोघं मिळून चौकोन-चौकोन तपासत, आणि वाट आहे की नाही हे ठरल्याशिवाय पुढचा नकाशा उघडत नसत. कुठे वाट सापडे आणि आत्या टेबलावर थाप मारी. कुठे सापडत नसे. मग ती खुर्ची मागे सारी आणि काटेकोर अडथळा काढून त्या पानावर पुन्हा तेच वाक्य लिही.

आत्याचं प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा नकाशा संपला. अकरा नकाशांपैकी सात मुळातच जिंकता येत होते. चार येत नव्हते.