देवीची पालथी खोळ

मी खोळ बोलतेय. उशीची नव्हे हो, देवीची! वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यावर एक दगडी देवी आहे. तिला दोन-तीन पिढ्या तेल-शेंदूर चोपडत आले, त्या थरांची मी झाले. माणसं माझ्याच तोंडाकडे बघून नवस बोलायची. खरा चेहरा माझ्या आत होता.

तो कुणीच पाहिलेला नाही. खोळ जड होऊन आपोआप सुटली, की पाड्यावरची सावळीमावशी डोळ्यांना फडकं बांधून, चाचपडत नवा शेंदूर लावणार. सुटलेली खोळ पालथी धरून काळू नदीत सोडायची, आत डोकावायचं नाही. तिच्या सासूनंही तसंच केलं होतं.

पाड्यावर प्रेमाबाई यायच्या. शहापूरच्या एका कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या. प्राचीन काळचा धर्म हा त्यांचा विषय. जुन्या काळी घाटातून जाणारे व्यापारी इथे कुणाला हात जोडत? या देवीला पहिला शेंदूर कुणी लावला आणि का? एवढ्या प्रश्नांपायी बाईंनी लग्नसुद्धा केलं नाही. इतिहास परिषदेतले विद्वान मात्र हसायचे. "आधी चेहरा दाखवा, मग बोला," म्हणायचे.

१९९९च्या उन्हाळ्यात मी सुटले, आणि सावळीनं डोळे बांधून देवी नव्या शेंदरानं झाकली. पण नदीपर्यंत जायला तिचे गुडघे धरले होते, आणि बाईंकडे स्कूटर होती.

"मावशी, मी सोडते नदीत."

"सोड बाय. पन आत बगू नको गो."

बाई काठापर्यंत खरंच गेल्या. गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला घेऊन थेट शहापूरला आल्या. मला त्यांचा राग नाही आला. आयुष्यभराची भूक होती ती.

साचा आणि मी, फरक तो काय? देवीचा चेहरा माझ्या पोटात उलटा उमटलेला होता. मागच्या खोलीत, भर दुपारी, बाईंनी माझ्यात प्लास्टर ओतलं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं म्हणे. मला मात्र पोटात कुणीतरी जागं झाल्यासारखं वाटलं.

त्यांनी मला उचकटून बाजूला ठेवलं आणि पाहिलं.

चेहरा कसा होता, ते मी सांगू शकत नाही. मी त्याला जन्मभर चिकटून होते, पण पाहिला कधीच नाही. बाईंनी घाईघाईनं त्यावर पातळ पंचा टाकला. थोड्या वेळानं तो पंचा तोंडापाशी आत ओढला गेला, आणि पुन्हा फुगला. दुसऱ्या दिवशी बाई हातोडी घेऊन आल्या, पण श्वास घेणाऱ्यावर ती उचलवेना.

शेवटी त्यांनी सावळीला आणलं. म्हातारी ओरडली नाही.

"बगितलास?"

"हो."

"मंग आता लाव."

"ही खोळ तरी नदीत सोडूया ना, मावशी."

"बगितलेली खोळ नदीला चालत नाय." सावळीनं कमरेची शेंदराची पुडी सोडली. "डोळं बांध. आता तुलाच लावाय लागंल, जन्मभर."

पहिला शेंदूर का लावला, ते बाईंना तेव्हा कळलं. भक्तीनं नाही, झाकायला. ज्यासाठी आयुष्य घातलं ते उत्तर हाती आलं, आणि ते एका ओळीतही लिहिण्याची त्यांना हिंमत झाली नाही. परिषदा सुटल्या, नोकरी सुटली. "बाई संपल्या," लोक म्हणाले. त्या दर अमावास्येला डोळे बांधून प्लास्टरच्या चेहऱ्याला शेंदूर लावत राहिल्या. थर ओला असला की श्वास थांबतो, सुकला की पुन्हा सुरू होतो.

आता २००८ साल आहे. सावळी गेली. मी त्याच खोलीतल्या कपाटात पालथी पडून आहे. बाईंना शेजाऱ्यांनी इस्पितळात नेलं, घराला कुलूप आहे, आणि अमावास्या होऊन गेली. शेंदराचे पापुद्रे गळताना मला ऐकू येतात. काल समोरून कुणीतरी हाक मारली.

ज्याच्याकडे किल्ली असेल त्याला माझी एवढीच विनवणी आहे. शेंदूर आणि तेल दाराशेजारच्या फळीवर आहे. डोळे बाहेरच बांधा, मग कुलूप काढा. आत कुणी तुम्हाला नावानं बोलावलं, आवाज अगदी प्रेमाबाईंचा असला, तरी फडकं सोडू नका.