नलिनीचा हट्टी डाग

घाटकोपरच्या नलिनी परबच्या डाव्या स्तनाग्रावर खपली धरली, ती काही केल्या जाईना. खाज सुटायची, मध्येच ओलसर व्हायची, हल्ली तर कड काळपट दिसायला लागली होती. डॉक्टरकडे जायची लाज, म्हणून तिने नवऱ्याला, दत्तारामला, औषधाच्या दुकानात पिटाळलं. गिऱ्हाइकांच्या घोळक्यात त्याच्या तोंडून तो शब्द निघेना. खांद्याला खाज सुटते असं सांगून तो गजकर्णाचं मलम घेऊन आला. पुढच्या खेपेला खांद्यावरून काखेपर्यंत आला, पण त्यापुढे त्याची मजल गेली नाही.

शेवटी नलिनीच वैतागली. "तुम्ही पोचेपर्यंत मी म्हातारी होईन," म्हणाली, आणि मुलुंडला डॉक्टर वसुधा दामल्यांकडे गेली. दत्ताराम मागोमाग.

डॉक्टरांनी तपासलं, मॅमोग्राफी करून घेतली, डागाचा बारीक तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. मग दोघांना बोलावून त्यांनी सांगितलं की कॅन्सर आहे, पण कुठला ते अजून ठरत नाही. एक स्तनातल्या दुधाच्या नळीतून वर कातडीत येतो, त्याला पॅजेट म्हणतात. दुसरा नुसता कातडीतला. तिसरा मेलानोमा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा. तो सगळ्यांत वाईट, लवकर पसरणारा. सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही कधी कधी सारखेच दिसतात. म्हणून पेशींवर वेगवेगळी रसायनं घालून बघायचं, कुठल्याने रंग चढतो ते.

दत्तारामने घरी येताच देवापुढे हात जोडले आणि कातडीतलाच निघू दे म्हणून नवस बोलला.

"जागा नीट सांगितलीत ना?" नलिनीने विचारलं. "का देवालाही खांदाच?"

दत्ताराम हसला, मग तीही हसली, आणि कितीतरी दिवसांनी दोघं पोटभर जेवली.

पॅजेट निघाला. मेलानोमाच्या रसायनाने रंग चढलाच नव्हता. आतला आजार नळ्यांपुरताच होता; डॉक्टरांनी स्तनाग्र आणि आतला थोडा भाग काढला, पुढे रेडिएशन द्यायचं ठरलं.

घरी आल्यावर नलिनी पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिली आणि रडली. दत्तारामने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. तिचा हात वर जात नव्हता, म्हणून त्याने फणी घेतली आणि तिची वेणी घालून दिली. वेणी चांगलीच वाकडी झाली. ती तशीच मिरवत नलिनी खाली भाजी आणायला गेली.